देश बदलत संशोधन करणाऱ्यांनी आपला पेन्शनचा हक्क कसा राखावा

पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करायची, मग जर्मनीत तीन-सव्वातीन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीचे संशोधनकाम, पुढे नेदरलँड्समध्ये दोन वर्षे, आणि त्यानंतर भारतातल्या एखाद्या संस्थेत कायमची नोकरी, हा क्रम आता अनेक मराठी घरांच्या परिचयाचा झाला आहे. यात संशोधकाची काही चंचलता नसते. जर्मनीतला कायदाच विद्यापीठांना पीएच.डी.पूर्वी साधारण सहा आणि पीएच.डी.नंतर सहा वर्षांपर्यंत मुदतीचे करार करू देतो, आणि इतर देशांतही कायम जागा थोड्या असतात. वयाच्या पस्तिशीपर्यंत तीन देशांत काम झालेले असते आणि तिन्ही देशांत पेन्शनसाठी पगारातून काही ना काही कापले गेलेले असते. ते पैसे नेमके कुठे आहेत आणि कधी मिळतील, याची चौकशी मात्र बहुतेक जण देश सोडून गेल्यावर करतात. देश सोडण्यापूर्वी एका दुपारी जे काम होते, तेच नंतर वर्षभर पत्रव्यवहार करूनही पुरे होत नाही. म्हणून हे मार्गदर्शन शक्यतो करारावर सही करण्याच्या वेळीच वाचावे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. सरकारी पेन्शनचा पैसा आपल्यासोबत एका देशातून दुसऱ्या देशात जात नाही. जर्मनीत भरलेले अंशदान जर्मनीतच राहते आणि त्याची पेन्शन पुढे जर्मनीच देते; नेदरलँड्सचा हक्क नेदरलँड्सकडे राहतो. देशादेशांतील करारांमुळे फक्त कालावधी जोडला जातो. किमान पाच किंवा दहा वर्षांची अट एकट्या देशातल्या सेवेने पुरी होत नसेल, तर दुसऱ्या देशातले महिने त्या अटीपुरते मोजले जातात आणि मग प्रत्येक देश आपापल्या वाट्याची रक्कम देतो. यामुळे संशोधकाने जपायची मुख्य गोष्ट म्हणजे सिद्ध करता येणारे महिने. पुढचे सारे विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

नियुक्तिपत्रात काय पाहावे

एकाच प्रयोगशाळेत शेजारी शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांचे पेन्शनचे हक्क पूर्णपणे वेगळे असू शकतात, कारण एकाचा नोकरीचा करार असतो आणि दुसरा शिष्यवृत्तीवर असतो. जर्मनीत शिष्यवृत्ती हा पगार मानला जात नाही, त्यामुळे तिच्यातून सरकारी पेन्शनचे अंशदान कापले जात नाही आणि तो काळ पेन्शनच्या हिशेबात येत नाही. दरमहा हातात पडणारी रक्कम शिष्यवृत्तीत कधी कधी जास्त दिसते, आणि त्या आकड्याकडे पाहून निर्णय घेतला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की निवड करता येत असेल तर नोकरीचा करारच घ्यावा. माक्स प्लांक संस्थेने २०१५ साली पीएच.डी. करणाऱ्यांसाठी शिष्यवृत्तीऐवजी करार देण्याचे धोरण स्वीकारले, त्यामागे सामाजिक सुरक्षिततेचा हाच विचार होता. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी योजनेतही यजमान संस्थेने संशोधकाला पूर्ण सामाजिक विमा असलेला नोकरीचा करार द्यावा अशी अपेक्षा असते. या योजनेची जाहीर केलेली रक्कम मालकाचे अंशदान धरून असते, त्यामुळे हातात येणारा पगार त्याहून बराच कमी असेल. ही कपात म्हणजे नुकसान नव्हे. तुमच्या नावावर जमा होणारे महिने त्यातूनच तयार होतात.

भारतातही हाच भेद आहे. कनिष्ठ किंवा वरिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची वर्षे नोकरीची धरली जात नाहीत आणि त्या काळात भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. पीएच.डी.च्या पाच वर्षांत काही जमा व्हावे असे वाटत असेल, तर राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते स्वतः उघडता येते. रक्कम लहान असली तरी चालते, आणि परदेशी गेल्यावर अनिवासी भारतीय म्हणून तेच खाते पुढे चालू ठेवता येते.

जर्मनीतील साठ महिने

जर्मन सरकारी पेन्शन विम्यासाठी सध्या पगाराच्या १८.६ टक्के रक्कम भरली जाते, ९.३ टक्के आपल्या पगारातून आणि तितकीच मालकाकडून. वृद्धापकाळाची नियमित पेन्शन मिळण्यासाठी किमान ६० महिने भरलेले असावे लागतात, आणि १९६४ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ती वयाच्या ६७ व्या वर्षापासून मिळते. किती मिळेल याचा हिशेब गुणांवर चालतो. देशाच्या सरासरी पगाराइतका पगार वर्षभर मिळाला तर एक गुण जमा होतो, आणि १ जुलै २०२५ पासून एका गुणाची किंमत दरमहा ४०.७९ युरो ठरली. तीन वर्षे सरासरी पगारावर काम केले असे धरले तर त्या दराने दरमहा साधारण १२२ युरो होतात. पूर्णवेळ पोस्टडॉकचा पगार बहुधा या सरासरीहून अधिक असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा वर जातो. गुणाची किंमत पगारवाढीबरोबर वाढत राहते आणि ही रक्कम तहहयात मिळते.

आता परताव्याविषयी. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला, तो संघाबाहेर राहायला गेल्यावर आणि सक्तीचा विमा संपून २४ महिने उलटल्यावर, काही अटींवर आपले अंशदान परत मागता येते. भारतात परतलेल्या अनेकांना मित्रमंडळींकडून पहिला सल्ला हाच मिळतो. पण परताव्यात फक्त आपल्या पगारातून कापलेला हिस्सा मिळतो, मालकाचा हिस्सा मिळत नाही, आणि परतावा घेताच तोवरचे सगळे महिने कायमचे पुसले जातात. वरच्याच उदाहरणात परतावा ढोबळमानाने १४,००० युरोंच्या आसपास येईल, म्हणजे साधारण साडेनऊ वर्षांच्या पेन्शनइतका. हातात आलेली रक्कम तीस वर्षे नीट गुंतवली तर ती वाढेल हे खरे आहे, आणि ज्याचे साठ महिने कुठल्याच मार्गाने पुरे होणार नाहीत त्याने परतावा घेणे रास्तच आहे. मात्र दुसऱ्या देशातले महिने जोडून साठचा आकडा गाठता येण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर अर्ज करू नये. पुन्हा युरोपात जायचे की नाही हे ठरलेले नसताना, केवळ घराच्या हप्त्यासाठी रक्कम उपयोगी पडेल म्हणून हे महिने पुसून टाकणे मला पटत नाही, कारण पुढे पुन्हा जर्मनीत नोकरी मिळाली तर मोजणी शून्यापासून सुरू होते.

मुलांच्या संगोपनाचा काळ ही तरतूद आपल्याकडच्या कुटुंबांना फारशी ठाऊक नसते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. १९९२ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे संगोपन जर्मनीत झाले असेल, तर आई किंवा वडील यांपैकी एकाच्या नावावर मुलामागे तीन वर्षांपर्यंतचा काळ अंशदान भरल्याप्रमाणे धरला जातो. पालकांनी वेगळे काही कळवले नसेल तर तो सहसा आईच्या नावावर लागतो. साठ महिन्यांच्या अटीत हे महिनेही मोजले जातात. संशोधक आईची तीन वर्षांची नोकरी आणि नोकरी संपल्यानंतर तिथेच राहून केलेले दोन वर्षांचे संगोपन मिळून अट पुरी होऊ शकते. पतीच्या नोकरीमुळे जर्मनीत गेलेल्या आणि स्वतः एक दिवसही नोकरी न केलेल्या स्त्रीच्या नावावरही असे महिने लागू शकतात. हे आपोआप नोंदले जाईल असे गृहीत न धरता अर्ज करून नोंदवून घ्यावे, आणि मुलाचा जन्मदाखला व जर्मनीतील पत्त्याच्या नोंदणीचे कागद त्यासाठी सांभाळून ठेवावेत.

विमा क्रमांकाचेही नीट पाहावे. जर्मन पेन्शन विम्याच्या बारा खुणांच्या क्रमांकात जन्मतारीख आणि जन्मनावाचे, म्हणजे माहेरच्या आडनावाचे, आद्याक्षर असते. पारपत्रावर आडनावाच्या जागी वडिलांचे नाव लागलेले असणे किंवा लग्नानंतर नाव बदललेले असणे हे आपल्याकडे नित्याचे आहे, आणि त्यातून एकाच व्यक्तीची दोन खाती तयार होऊ शकतात. पहिल्या पगाराच्या वेळीच हे अक्षर आणि तारीख तपासावी. देश सोडण्यापूर्वी पेन्शन विमा संस्थेकडून आपल्या विम्याचा इतिहास, म्हणजे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणी किती भरले याचा तक्ता, मागवून घ्यावा आणि एकेक ओळ पगारपत्रकाशी ताडून पाहावी. एखादा महिना गायब असेल तर तो करार चालू असतानाच दुरुस्त होतो. पंचवीस वर्षांनी विद्यापीठाच्या त्या विभागाचे नावही बदललेले असते.

दोन महिन्यांची मुदत

जर्मन विद्यापीठे आणि बहुतेक सार्वजनिक संशोधन संस्था सरकारी पेन्शनखेरीज एक पूरक पेन्शनही देतात. ती चालवणारी संस्था फाऊबेएल या नावाने ओळखली जाते. तिच्या नेहमीच्या योजनेतही साठ महिन्यांची अट आहे. म्हणून मुदतीच्या करारावर येणाऱ्या आणि यापूर्वी या योजनेत कधीच नसलेल्या वैज्ञानिक कर्मचाऱ्याला एक पर्याय दिलेला आहे: साठ महिने पुरे होण्याची शक्यता नसेल, तर नोकरी सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत अर्ज करून सक्तीच्या योजनेतून सूट घ्यायची आणि त्याऐवजी ऐच्छिक योजनेत जायचे. ऐच्छिक योजनेत मालकाचे अंशदान कमी असते, पण हक्क पहिल्या महिन्यापासून आपला होतो. ज्यांचा करार दोन-तीन वर्षांचा आहे आणि तो वाढण्याची आशा नाही, त्यांनी हा पर्याय घ्यावा. ज्यांना पाच वर्षे राहण्याची खात्री आहे, त्यांना नेहमीची योजना अधिक फायद्याची ठरते. अडचण अशी की नवा देश, घराचा शोध, व्हिसा आणि बँक खाते यांच्या धांदलीत हे दोन महिने कधी सरतात ते कळत नाही. रुजू होण्याच्या दिवशीच कर्मचारी विभागाला याविषयी लेखी विचारावे.

नेदरलँड्समधील वेगळी पद्धत

नेदरलँड्सची मूळ पेन्शन नोकरीवर अवलंबून नाही. तिथे कायदेशीर वास्तव्य करणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे या विम्यात येते आणि विम्याच्या प्रत्येक वर्षामागे पूर्ण पेन्शनचे दोन टक्के तिच्या नावावर जमा होतात. पन्नास वर्षांत शंभर टक्के होतात. त्यामुळे नोकरी न करणाऱ्या जोडीदाराचीही वर्षे सहसा मोजली जातात. इथे वास्तव्याचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. शहरात आल्याबरोबर नगरपालिकेत नोंदणी करावी आणि जाताना नोंद रद्द केल्याचा कागद घ्यावा, कारण विम्याचा काळ मोजताना याच तारखा पाहिल्या जातात. या मूळ पेन्शनचे वय सध्या ६७ आहे.

सार्वजनिक विद्यापीठातील नोकरीत याखेरीज एबीपी या निधीत अंशदान जाते. हा निधी दरवर्षी पेन्शनचे विवरणपत्र पाठवतो. पत्ता बदलला की निधीला कळवत राहावे आणि विद्यापीठाचा ईमेल न देता आपला कायमचा ईमेल द्यावा, कारण करार संपल्यावर विद्यापीठाचा ईमेल बंद होतो आणि पुढची सगळी पत्रे हरवतात.

युरोपीय संघात महिने कसे जोडले जातात

संघातील देशांच्या सामाजिक सुरक्षा योजनांचा मेळ घालणारा ८८३/२००४ हा नियम १ मे २०१० पासून लागू आहे. १२३१/२०१० या नियमाने तो संघाबाहेरच्या नागरिकांनाही लागू केला. अट अशी की ती व्यक्ती संघात कायदेशीर राहत असावी आणि तिचा संबंध एकाहून अधिक सदस्य देशांशी आलेला असावा. डेन्मार्क या दुसऱ्या नियमात सामील नाही, हे कोपनहेगनला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. जर्मनीत ३८ महिने आणि नेदरलँड्समध्ये २४ महिने झाले असतील, तर जर्मनी ६२ महिने धरून अट पुरी झाल्याचे मानते आणि ३८ महिन्यांची पेन्शन देते. एखाद्या देशातला काळ वर्षाहूनही कमी असेल, तर सर्वसाधारणपणे तो देश स्वतंत्र पेन्शन देत नाही, पण इतर देश तो काळ आपल्या हिशेबात घेतात. स्पेनची किमान अट १५ वर्षांची आहे, म्हणून तिथे दोन वर्षे काम केलेल्यांना जोडणीवाचून पर्याय नाही. भारतात परतण्याचा विचार असेल, तर संघ सोडण्यापूर्वी दोन्ही देशांच्या संस्थांना लेखी विचारावे की परतल्यानंतर आपले महिने कसे जोडले जातील, आणि उत्तर जपून ठेवावे.

पूरक पेन्शनसाठी २०१४ सालचा वेगळा निर्देश आहे. त्यानुसार एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाणाऱ्या कामगाराला हक्क मिळण्यासाठी तीन वर्षांहून जास्त थांबायला लावता येत नाही. सर्न आणि युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरी यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचा पेन्शन निधी मात्र स्वतंत्र असतो. तिथल्या सेवेचे महिने देशाच्या योजनेत आपोआप जोडले जातील असे समजू नये. करार संपताना रक्कम हस्तांतरित करण्याचे कोणते पर्याय आहेत ते विचारावे.

भारताचे करार

भारताने जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स, बेल्जियम, स्वीडन, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा अनेक देशांशी सामाजिक सुरक्षा करार केले आहेत. जर्मनीशी झालेला सर्वंकष करार १ मे २०१७ पासून अमलात आहे. भारतात या करारांचे काम कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना पाहते, आणि संशोधकांची गफलत नेमकी इथे होते. करारात जोडले जाणारे भारतीय महिने हे प्रामुख्याने या संघटनेच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतले असतात. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच सदस्य झालेल्या आणि १५,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या व्यक्तीला या पेन्शन योजनेत घेतले जात नाही. तिचे सगळे अंशदान भविष्य निर्वाह निधीत जाते. केंद्रीय संशोधन संस्थांमध्ये १ जानेवारी २००४ पासून, आणि महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून, नव्याने लागलेल्यांसाठी वेगळी अंशदायी योजना आहे. त्यामुळे ‘करार आहे, म्हणजे माझी वर्षे जुळतील’ असे गृहीत धरू नये. आपण कोणत्या योजनेत आहोत ते आधी पाहावे आणि जर्मन संस्थेला त्या योजनेचे नाव सांगून प्रश्न विचारावा.

१९९५ च्या योजनेत असाल आणि दहा वर्षे पुरी होण्यापूर्वी परदेशी जात असाल, तर पेन्शनची रक्कम काढून घेण्याऐवजी योजना प्रमाणपत्र मागावे. त्यावर सेवेचा काळ नोंदलेला असतो आणि परत आल्यावर तो पुढे धरला जातो. भारतीय संस्थेनेच पगारावर परदेशी पाठवले असेल, तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून संरक्षण प्रमाणपत्र घ्यावे. करार झालेल्या देशात ते दाखवले की ठरावीक मुदतीपर्यंत तिथे दुसरे अंशदान भरावे लागत नाही.

ब्रिटन आणि अमेरिका

ब्रिटनची सरकारी पेन्शन मिळण्यासाठी किमान १० पात्र वर्षे लागतात आणि पूर्ण रकमेसाठी ३५. भारतात राहणाऱ्या पेन्शनरला ती मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. पहिल्या दिवशी जी रक्कम ठरली तीच पुढे चालू राहते. वीस वर्षांचा विचार करता ही मोठी घट आहे आणि निवृत्तीनंतरच्या खर्चाचा अंदाज बांधताना ती धरावीच.

अमेरिकेच्या सरकारी पेन्शनसाठी ४० श्रेयगुण, म्हणजे साधारण दहा वर्षांचे काम लागते, आणि भारताचा अमेरिकेशी कालावधी जोडण्याचा करार नाही. जे-१ या विनिमय व्हिसावर गेलेल्या संशोधकाच्या पगारातून पहिली दोन कॅलेंडर वर्षे, तो करदृष्ट्या अनिवासी असल्याने, सामाजिक सुरक्षेचे अंशदान सहसा कापले जात नाही. कापले गेले असेल तर मालकाकडे परत मागावे. विद्यापीठाच्या निवृत्ती खात्यात मालकाने भरलेली रक्कम किती काळाने आपली होते ते पाहूनच राजीनाम्याची तारीख ठरवावी, कारण काही आठवड्यांच्या फरकाने ती सगळी रक्कम जाऊ शकते.

अर्जाची वेळ

भारतात साठाव्या किंवा पासष्टाव्या वर्षी निवृत्त झालेल्यांना जर्मन आणि डच पेन्शनसाठी सदुसष्टपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर जुने कागद नजरेआड झालेले असतात. प्रत्येक करार, वर्षाअखेरीचे वेतन प्रमाणपत्र, विमा क्रमांकाचे पत्र आणि नोंदणी रद्द केल्याचा कागद देशवार लावून ठेवावा, आणि तो कुठे आहे ते जोडीदाराला सांगावे. विधवा किंवा विधुर पेन्शनचा हक्क अनेकदा केवळ घरात कोणालाच माहिती नसल्याने मागितला जात नाही. भारतात निवासी झाल्यावर परदेशी निवृत्ती खाती आयकर विवरणपत्रात दाखवावीत. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील खात्यांच्या करासाठी स्वतंत्र तरतूद आहे, ती जाणकार सनदी लेखापालाकडून समजून घ्यावी.

पेन्शन आपणहून सुरू होईल या भरवशावर राहू नये. जर्मनीत हक्क सुरू झाल्यापासून तीन कॅलेंडर महिन्यांच्या आत अर्ज केला तर पहिल्या महिन्यापासून रक्कम मिळते. उशीर झाला तर अर्जाच्या महिन्यापासून, आणि मधले महिने बुडतात. नेदरलँड्सची मूळ पेन्शन मागील काळासाठी जास्तीत जास्त एक वर्षाचीच मिळते. परदेशी कागद मागवायला आणि नावातले फरक दूर करायला लागणारा वेळ पाहता, सहासष्टावे वर्ष लागताच दोन्हीकडे पत्र लिहावे. पेन्शन सुरू झाल्यावर हयातीच्या दाखल्याचा फॉर्म परदेशातून येतो. भारतीय पेन्शनसाठी दिलेला दाखला त्यांच्याकडे आपोआप पोहोचत नाही, म्हणून तो फॉर्म वेगळा भरून, त्यावर सही-शिक्का घेऊन, मुदतीत परत पाठवावा.